बारा बाय पंधराच्या खोलीत बावीस मुलं

नाशिक शहरातल्या बऱ्याच बालवर्गांना मैदान नाही. सिडकोतल्या रो-हाउसचा तळमजला, पंचवटीतल्या जुन्या वाड्याची ओसरी, सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीत एका खोलीत भरणारी अंगणवाडी, अशा त्यांच्या जागा. खोली १२ बाय १५ फुटांची धरा. १८० चौरस फुटांत ३ ते ५ वयाची २२ मुलं, एक ताई, एक मदतनीस, एक लोखंडी कपाट, पाण्याचा माठ आणि दाराशी चपलांचा ढीग. इथे मुलांना हलवायचं कसं, हे आम्ही जून ते एप्रिल अशा शाळेच्या वर्षात बसवत गेलो. काय टिकलं आणि काय फसलं, ते जसं घडलं त्या क्रमाने लिहितो.

आधी किती हालचाल हवी ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत ३ ते ४ वयाच्या मुलांना दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरकस, म्हणजे धाप लागेल अशी, असं म्हटलंय. एका वेळी तासाहून जास्त मूल खुर्चीत किंवा गाडीत अडकवून ठेवू नये आणि स्क्रीनसमोरचा बसून घालवलेला वेळ तासाभराच्या वर नको, हेही त्यात आहे. तीन तासांच्या वर्गात सगळी १८० मिनिटं काढणं शक्य नाही, पण ६० मिनिटं निघतात. ती सलग मात्र निघत नाहीत. या वयाचं मूल अर्धा मिनिट सुसाट धावतं, थांबतं, पुन्हा धावतं. मोठ्यांसारखी २० मिनिटांची कवायत लावली तर सातव्या मिनिटाला निम्मी मुलं खिडकीशी जातात. म्हणून आमची वाटणी अशी ठरली: आल्याबरोबर १० मिनिटं, गोलात ५, पहिल्या बैठ्या कामानंतर ५, मुख्य खेळ २०, एका कामातून दुसऱ्यात जाताना मिळून १०, घरी जाण्याआधी १०.

कागदावर तास भरला. प्रत्यक्षात तो भरत नव्हता, आणि कारण मोजल्याशिवाय कळलं नाही. मोजायची रीत सोपी आहे. मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या, एकच मूल निवडा आणि ते खरोखर हलत असेल तेवढाच वेळ घड्याळ चालू ठेवा. वर्गभर नजर फिरवली तर फसगत होते, कारण कुणी ना कुणी हलतच असतं. एका मुलाकडे पाहिलं की दिसतं ते रांगेत उभं आहे.

साधा हिशेब करा. खुर्च्यांवर सतरंजी टाकून एक बोगदा केला. त्यातून एका मुलाला जायला २० सेकंद लागतात. २२ मुलांना ४४० सेकंद, म्हणजे सात मिनिटं वीस सेकंद. तेवढ्यात प्रत्येक मूल हललं २० सेकंद, आणि उभं राहिलं सात मिनिटं. शिवाय ढकलाढकली, चावणं, केस ओढणं हे सगळं रांगेतच होतं. खोली लहान म्हणून मुलं हलत नाहीत असं सगळे म्हणतात. आमच्या मते निम्म्याहून जास्त दोष रांगेचा असतो, आणि मैदान असलेल्या शाळांतही एका घसरगुंडीमागे हीच रांग लागलेली असते.

रांगेइतकाच वाईट प्रकार म्हणजे ‘आउट’. संगीतखुर्चीत सगळ्यात आधी बाद होतं ते सगळ्यात हळू मूल, म्हणजे ज्याला हालचाल सर्वात जास्त हवी तेच सर्वात जास्त वेळ बसतं. खुर्ची कमी करावी, मूल नाही. शेवटी तीन-चार खुर्च्यांवर सगळ्यांनी कसंबसं टेकायचं. हसून हसून पुरेवाट होते आणि कुणी बाहेर राहत नाही. विष-अमृतात ‘विष’ झालेल्याने पुतळ्यासारखं उभं राहण्याऐवजी जागेवर बेडूकउड्या मारायच्या, कुणी अमृत देईपर्यंत. मामाचं पत्र हरवलं हा खेळ आमचाही आवडता, पण २२ जणांच्या गोलात पळतात दोघंच. सात-सात मुलांचे तीन गोल करा. उरलेलं एक कुठल्याही गोलात खपतं.

आता खोली. खेळाआधी जमीन मोकळी करायला तीन मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर ताई आठवड्याभरात कंटाळून तो खेळ सोडून देते, हे नक्की समजा. लहान प्लास्टिकच्या खुर्च्या एकावर एक सहाच रचायच्या, सातव्यापासून चळत कलते. कपाट भिंतीला कोन लावून स्क्रूने आवळून घ्यायचं. बंगल्याच्या खोलीत कडप्प्याचा ओटा असेल तर त्याची कड नेमकी चार वर्षांच्या मुलाच्या कपाळाशी येते. सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून कडेवर बसवली की काम होतं. आत उघडणाऱ्या खिडक्या बंद ठेवायच्या किंवा पूर्ण भिंतीला टेकवून आकड्याने अडकवायच्या. दाराच्या बिजागरीकडच्या फटीत बोट सापडतं, तिथे गोधडीची पट्टी. गळ्यातलं ओळखपत्र, टाय, पट्टा आणि ओढणीसारखा स्कार्फ खेळाआधी काढून खुंटीला. बोगद्यात किंवा खुर्चीच्या पाठीत ती दोरी अडकली तर गळ्याला फास बसतो, म्हणून याला अपवाद नाही.

पाय उघडे हवेत. मोजे घालून चकचकीत व्हिट्रिफाइड फरशीवर पळणं म्हणजे घसरणं. नुसती अंथरलेली सतरंजी त्याहून वाईट, मुलासकट सरकते. फोमच्या जोडायच्या चटया चांगल्या, मात्र त्यांच्या कडांच्या पट्ट्या मुलं काढून चावतात; त्या आधीच काढून ठेवाव्यात.

जमिनीवरच्या रेघांवर आमचे सगळ्यात जास्त पैसे आणि वेळ वाया गेला. खडूची रेघ दहा मिनिटांत पुसली जाते आणि गुळगुळीत फरशीवर तिची भुकटी पाय घसरवते. मास्किंग टेप दोन आठवड्यांहून जास्त ठेवला की त्याचा डिंक फरशीवर राहतो. खोबरेल तेल चोळून, अर्धा तास थांबून खरवडावा लागतो. इलेक्ट्रिकचा पीव्हीसी टेप त्यातल्या त्यात बरा, पण पावसाळ्यात दमट फरशीवर तोही धरत नाही. फरशी आदल्या दिवशी पुसून रात्रभर वाळू द्यावी, टेप न ताणता चिकटवावा आणि चमच्याच्या पाठीने दाबत जावं. ताणून लावलेला टेप आखडतो, टोकं उचलली जातात आणि मुलांना ती ओढल्याशिवाय राहवत नाही. शहाबादी फरशीवर ऑइलपेंटच कायमचा उपाय. रंगात मूठभर चाळलेली बारीक वाळू मिसळावी, नाहीतर ओल्या पायाला ती रेघ निसरडी होते. व्हिट्रिफाइडवर रंग लावायच्या फंदात पडू नये, पापुद्रे निघतात.

रेघ कसली? मुख्य रेघ लंबगोल, भिंतींपासून दोन-दोन फूट आत, म्हणजे ८ बाय ११ फुटांचा. कोपरे असलेली चौकट आखली तर कोपऱ्यात धडका होतात. या लंबगोलाचा घेर साधारण ३० फूट भरतो. त्यावर २२ मुलं एकदम सोडली तर माणशी दीड फूटसुद्धा येत नाही, आणि पुढच्याच्या टाचेवर मागच्याचा पाय पडतो. म्हणून ११ रेघेवर, ११ आत. बाहेरची बैलगाडी: भरभर चालायचं, मग घोड्याची दुडकी चाल, मग उकिडव्या बदकासारखं. आतली मंडळी पाय पसरून जात्यावर दळण दळतात, मग उभं राहून जागच्या जागी उड्या. दीड मिनिटाने अदलाबदल, आणि प्रत्येक वेळी फिरण्याची दिशाही बदलायची, नाहीतर मुलांना गरगरतं. सुसाट पळणं या खोलीत नाहीच. दुडक्या चालीनेही पुरेशी धाप लागते. मुलाचे गाल लाल झाले आणि बोलताना श्वास तुटायला लागला की समजावं जमलं.

पण हे सगळं दुसऱ्या आठवड्यापासून. पहिला आठवडा फक्त थांबायला शिकवण्यात गेला पाहिजे. शिट्टी वापरून पाहिली तर बंद खोलीत ती कानात घुसते आणि नवी मुलं रडतात. घंटा वाजली की मुलं दप्तराकडे धावतात, कारण घंटा म्हणजे घर. खंजिरी उत्तम. ती वाजतेय तोवर हलायचं, थांबली की दगड व्हायचं. शांतता हीच खूण ठेवण्यामागे कारण आहे: गोंगाटात नवा आवाज ऐकू येत नाही, पण ताल तुटलेला जाणवतो. ज्याला कमी ऐकू येतं त्याच्यासाठी त्याच क्षणी हात वर करायचा. तीन वर्षांच्या मुलाला थांबायला दोन-तीन सेकंद लागतात, त्याचं अंग अजून पुढे जात असतं. त्याला ‘ऐकलं नाहीस’ म्हणून रागावण्यात अर्थ नाही. रोज पाच-सहा वेळा चाल-थांब केलं की आठवड्याअखेर बहुतेक जण थांबतात. घाई करून तिसऱ्याच दिवशी खेळ सुरू केले की आवाज चढवावा लागतो, आणि एकदा ताईचा आवाज चढला की वर्षभर चढलेलाच राहतो.

तिसऱ्या आठवड्यापासून मुख्य वीस मिनिटांत चार थांबे. मुलांना शहरातल्या सिटीलिंकच्या बस माहीत असतात, म्हणून कोपऱ्यांना त्यांच्याच थांब्यांची नावं: निमाणी, सीबीएस, द्वारका, नाशिकरोड. पाच-सहा मुलांची एक बस, प्रत्येक थांब्यावर तीन मिनिटं, खंजिरी थांबली की पुढच्या थांब्याकडे.

निमाणीला बोगदा: तीन टेबलं ओळीने, वरून चादर. एका तोंडाने आत, दुसऱ्याने बाहेर, आणि बाहेरून दोन्ही हात वर करून परत फिरायचं, म्हणजे रांग लागत नाही. रांगल्याने खांदे आणि मनगटं भार घेतात; पेन्सिल धरणाऱ्या हाताला मागून आधार याच सांध्यांचा असतो.

सीबीएसला कॅरेट. गिरणारे-पिंपळगावच्या टोमॅटो बाजारातली प्लास्टिकची कॅरेट नाशिकात कुणाच्याही ओळखीने मिळतात. तीन पुरेत. प्रत्येकात लिटरच्या भरलेल्या दोन बाटल्या आडव्या, तळाला गोणपाट सुतळीने बांधलेलं. गोणपाट नसेल तर फरशीवर ओरखडे उठतात आणि आवाजाने शेजारी दार वाजवतात. दोघांनी ढकलत न्यायचं, दोघांनी परत आणायचं. ढकलणं-ओढणं हे दांडगट मुलांना शांत करणारं काम आहे, हा आमचा अनुभव. कॅरेटच्या जाळीच्या तुटक्या कडा दर सोमवारी हात फिरवून तपासाव्यात.

द्वारकेला उड्या. टेपने आखलेली पाच वर्तुळं, प्रत्येक दीड फूट व्यासाचं. तीन वर्षांच्यांनी दोन्ही पाय जोडून, चारच्या पुढच्यांनी जमेल तशी लंगडी. तीन वर्षांच्या मुलाला लंगडी येत नाही, ती साधारण चारच्या सुमारास येते. त्याआधी आग्रह धरला की ते मूल तो कोपराच टाळतं. वर्तुळासाठी सुटी दोरी किंवा जुना टायर ठेवू नये. दोरीत पाय गुंततो, टायरच्या कडेवर घोटा मुरगळतो. या थांब्यावर एक मोठं माणूस हवंच, दुसरं बोगद्याशी.

नाशिकरोडला पिशव्या. जुन्या जीन्सच्या कापडाच्या, १२ सेंटिमीटर चौकोनी, आत १०० ग्रॅम चिंचोके, दुहेरी शिलाई. गहू-तांदूळ भरले तर पावसाळ्यात पोरकिडे होतात आणि उंदीर पिशवी कुरतडतात. वाळू शिवणीतून गळते. चिंचोके वर्षानुवर्षं टिकतात, पण पिशवी उसवली की तोच चिंचोका नाकात किंवा घशात जाऊ शकतो. म्हणून उसवलेली पिशवी त्याच दिवशी बाहेर. बादली लहानांसाठी चार फुटांवर, मोठ्यांसाठी सहा. पाच मुलांना पाच पिशव्या, सगळ्यांनी एकदम टाकायच्या, स्वतःच आणायच्या. वाकणं, उचलणं, पळत परत येणं यातच खरी मेहनत होते. नेम लागला का याला फार महत्त्व देऊ नये.

चार थांब्यांचा फेरा बदलण्याच्या वेळेसकट चौदा-पंधरा मिनिटांत होतो. उरलेल्या पाचांत सगळे मिळून एक खेळ. मुलांना सर्वात आवडलेला खेळ गोदावरीनेच दिला. पूर आला की पाणी किती चढलं हे नाशिककर रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवरून सांगतात, आणि मुलांनी ते मोबाइलवर पाहिलेलं असतं. सगळी मुलं मारुती होऊन उभी. ‘पाणी घोट्याला’ म्हटलं की उकिडवं होऊन घोटे धरायचे, मग ‘गुडघ्याला’, ‘कमरेला’, ‘खांद्याला’ आणि ‘डोक्यावरून गेलं’ म्हणताच हात वर करून उडी. मधेच ‘धरणाचे दरवाजे बंद’ म्हटलं की पाणी उतरत पुन्हा घोट्याला. दोन मिनिटांत पंधरा-सोळा उठबशा होतात आणि कुणालाही जागेवरून हलावं लागत नाही, त्यामुळे अगदी गच्च खोलीतही चालतो. चुकणाऱ्याला बाद करायचं नाही, हे सांगायला नकोच.

द्राक्षांच्या हंगामात, जानेवारी ते मार्च, छताखाली आडवी दोरी बांधून त्यावर कपड्याच्या चिमट्यांनी मोज्यांचे चेंडू लावायचे, मुलाच्या वर केलेल्या हातापेक्षा दहा सेंटिमीटर उंच. टाचा उंचावून तोडायचे आणि कॅरेटमध्ये ठेवायचे. दोरीची दोन्ही टोकं भिंतीतल्या हुकांना हवीत, पंख्याला कधीही नाही.

ऋतूंचं गणित वेगळं ठेवावं लागतं. पावसाळ्यात रेनकोटचं पाणी दारातून आत येतं. रेनकोट बाहेर टांगायची सोय होईपर्यंत दाराजवळचा थांबा बंद. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या सकाळी चांगल्याच गार असतात, पारा कधी दहाच्या खाली जातो, आणि मुलं स्वेटरवर स्वेटर चढवून, माकडटोपी घालून येतात. टोपीत खंजिरी ऐकू येत नाही. दुडक्या चालीने पाच मिनिटांत घाम येतो आणि घामेजलेल्या अंगाला नंतर गारठा बसतो. म्हणून सुरुवातीची दोन-तीन मिनिटं स्वेटरसकट, मग टोपी आणि वरचा स्वेटर काढायचा, खेळ संपताच पुन्हा घालायचा. २२ मुलांची बटणं लावायला दहा मिनिटं जातात. ती जाऊ द्यावीत, तेही बोटांचंच काम आहे. मार्चअखेरपासून पत्र्याच्या खोल्या तापतात, तेव्हा मुख्य खेळ पहिल्या अर्ध्या तासात आणि दर वीस मिनिटांनी दोन घोट पाणी, मागितलं नाही तरी. डबा किंवा खाऊ झाल्यावर अर्धा तास उड्या नाहीत.

काही मुलं भिंतीला टेकून बघत राहतात. हात धरून ओढू नये. तीन-चार दिवस बघू द्यावं, मग खंजिरी त्याच्या हातात द्यावी. वाजवता वाजवता पाय हलायला लागतात. दम्याचा त्रास, हृदयाचा आजार, फिट येणं हे प्रवेशाच्या वेळीच पालकांना विचारून लिहून ठेवावं. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं. ज्या मुलाचं वजन फार कमी आहे त्याला खेळातून वगळायचं नाही, पण धापेचे खेळ डॉक्टरांना विचारूनच.

आणि ताईने खुर्ची सोडली पाहिजे. तिने बसून ‘पळा रे’ म्हटलं की मुलं दोन मिनिटांत तिच्याभोवती येऊन बसतात. गुडघे दुखत असतील तर उठबशा काढू नयेत, रेघेवर मुलांबरोबर चालावं एवढंच.

पालकांचं म्हणणं ठरलेलं असतं: ‘इथे नुसतं खेळवतात, लिहायला कधी शिकवणार?’ त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा नोंद दाखवावी. रोज पाच मुलं, तीनच गोष्टी: एका पायावर किती सेकंद उभं राहतं, दोन्ही पायांनी उडी मारतं का, मोठा चेंडू झेलतं का. तीन वर्षांचं मूल एका पायावर क्षणभर टिकतं, चारचं साधारण पाच सेकंद, पाचचं दहाच्या आसपास. ऑगस्टला दोन सेकंद आणि डिसेंबरला सहा हे आई-वडिलांना लगेच कळतं. कुणी अभ्यासक्रमाचंच काढलं तर २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय आराखडा दाखवावा. ३ ते ८ वयाचं शिक्षण त्यात खेळाभोवतीच उभं केलंय. ‘अंगणवाडी’ या शब्दातच अंगण आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ पासून बोर्डीला (आताचा पालघर जिल्हा) काम सुरू केलं तेव्हा वर्ग मुलांच्या अंगणात नेला होता. आता शहरात अंगण उरलं नाही म्हणून ही सगळी टेप आणि कॅरेटची खटपट.

पडणं-आपटणं होतंच. टेंगूळ आलं तर चोळू नये, गार पाण्याची घडी दहा मिनिटं धरावी. डोक्याला मार लागल्यावर उलटी, पेंग, नेहमीपेक्षा वेगळं वागणं यातलं काहीही दिसलं तर थेट डॉक्टरकडे. लहानसं खरचटलं असलं तरी त्याच दिवशी घरी सांगावं. आईला ते आंघोळीच्या वेळी दिसलं तर दुसऱ्या दिवशी सगळे खेळ बंद करायची मागणी येते.

शेवटची दहा मिनिटं सामान आवरण्याची. कॅरेट भिंतीशी ढकलणं, पिशव्या मोजून बादलीत टाकणं, चादरीची घडी चौघांनी चार टोकं धरून करणं हे सगळं मुलांनीच. बावीस मुलांना यालाही सहा-सात मिनिटं लागतात, आणि त्यात कुणीही रांगेत उभं नसतं. पिशव्या मोजून पूर्ण भरल्या पाहिजेत. एक कमी भरली तर ती कपाटाखाली असते.